जोडीदाराची टिक

पस्तीस वर्षं मी दुसऱ्याच्या पैशानं खरेदी केली, आणि स्वतःच्याच तोंडानं सांगतो, झकास केली. पंप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात होतो. नट, बोल्ट, बेअरिंग, गास्केट, हात पुसायच्या चिंध्या, संडासातलं फिनेल, जे जे म्हणून बाहेरून येई ते माझ्या सहीशिवाय फाटकातून आत येत नसे. तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय मी पेन्सिलसुद्धा घेतली नाही. त्यामुळे कारखान्यात मला नावानं कोणी ओळखत नव्हतं. तोंडावर ‘साहेब’ आणि पाठ वळली की ‘तीन कोटेशन’. मला त्याचं वाईट वाटत नसे, उलट घरी येऊन मीच बायकोला सांगायचो. ती म्हणायची, “खरं आहे त्यांचं. फक्त माझ्या वेळी तेवढं एकाच कोटेशनवर भागवलंत.” त्यावर माझं ठरलेलं उत्तर होतं की माल बनवणारा एकच कारखाना असेल तर नियमात सूट असते. हे उत्तर मला फार हुशारीचं वाटायचं. तिलाही वाटलं होतं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा.

माझी एक खास पद्धत होती. भाव ठरवताना आधी सगळं सोलून काढायचं. वाहतूक नको, पॅकिंग नको, वॉरंटी नको, नुसत्या मालाचा भाव बोला. विक्रेत्याला वाटतं, बरं झालं, कटकट वाचली. तो भाव उतरवतो. मग मी चेहरा पाडून बसतो, तो आणखी उतरवतो. चहा होतो, हात मिळवून होतात. तो उठतो, दाराशी जातो, हँडलला हात लावतो, आणि तेव्हा मी मागून म्हणायचो, “आणि हां, वाहतूक, पॅकिंग, वॉरंटी तुमच्याकडेच, काय?” दाराशी पोचलेला माणूस परत येऊन भांडत नाही. मनानं तो घरी गेलेला असतो. “हो साहेब” म्हणतो आणि सुटतो. पस्तीस वर्षांत या पद्धतीनं मी कारखान्याचे इतके पैसे वाचवले की माझा पुतळा उभारायला हवा होता. उभारायचं ठरलं असतं तर मी त्याचेही तीन ठिकाणचे भाव मागवले असते.

मग एक दिवस त्यांनी मलाच दाराबाहेर काढलं. सन्मानानं काढलं, भाषणं केली, घड्याळ दिलं. घड्याळ बघताक्षणीच मला कळलं की हे कोणीतरी एकाच दुकानात जाऊन, दुकानदार सांगेल त्या भावाला आणलंय. खरेदी खातं माझ्यामागे बुडणार हे मी तिथेच ओळखलं.

निवृत्तीचे पैसे एकरकमी हातात आले आणि माझी पाचावर धारण बसली. कारखान्याचे पैसे बुडाले तर कारखाना बघून घेई. हे बुडाले तर कोण बघणार? शिवाय यात मी एकटा नव्हतो. आमची ही एका डोळ्यांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते. दिवसभर फोन, आणि समोर डोळ्यात थेंब घालून बसलेली माणसं, ज्यांना आपली चप्पलही दिसत नसते. पगार बेताचा आणि पेन्शन वगैरे काही नाही. नोकरी संपेल त्या दिवशी हिला मिळणार फक्त फुलांचा गुच्छ. म्हणजे मी डोळे मिटल्यावर हिच्या हातात महिन्याला जे काही पडणार, ते मी आता काय खरेदी करतो त्यावर अवलंबून. हे मला पक्कं ठाऊक होतं. मुद्दाम आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की या माणसाला बायकोची काडीची फिकीर नाही. फिकीर होती. अक्कल नव्हती.

मुलगी रविवारी आली आणि तिनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून दिला.

“बाबा, याला अ‍ॅन्युइटी म्हणतात. तू तुझी रक्कम एकदम कंपनीला द्यायची. मग तू जिवंत असेपर्यंत कंपनी तुला दर महिन्याला पैसे देणार.”

“आणि मी लवकर गेलो तर?”

“तर कंपनीचा फायदा.”

“आणि नव्वदी गाठली तर?”

“तर तुझा.”

“म्हणजे पैजच की ही!” मी मिशीला पीळ दिला. मला मिशी नाही, पण दिला. नुसतं जिवंत राहून समोरच्याला बुडवायचं, इतका सोपा सौदा मला उभ्या जन्मात कोणी देऊ केला नव्हता.

“हसू नकोस. एकदा सही झाली की झाली. परत करता येत नाही आणि बदलताही येत नाही. आणि आईचं आधी बघ.”

“आईचंच बघतोय,” मी म्हणालो. पोरगी निघून गेली आणि मी बाह्या सरसावल्या.

वेबसाइट अशी होती की तुम्ही एकदा माहिती भरायची आणि सगळ्या कंपन्यांचे भाव एकाखाली एक दिसायचे. माझे डोळे भरून आले. तीन कसले, ढीगभर कोटेशनं, आणि एकालाही चहा पाजायचा नाही! फक्त फोन नंबर मागत होते, तिथे मी सावध झालो. खरेदीवाल्यानं भाव मागवावा, पण आपला नंबर देऊ नये. नंबर दिला की विक्रेता जेवताना फोन करतो, अंघोळीच्या वेळी करतो, आणि आपण एकदा जरी घाईनं ‘हां बोला’ म्हटलं तरी त्याला कळतं की गरज आपल्याला आहे. कारखान्यात मी कायम रिसेप्शनचा नंबर द्यायचो. घरी कुणाचा देणार? थोडा विचार केला आणि हिचा मोबाइल नंबर टाकला. म्हटलं, दवाखान्यात हिला स्वतःचा फोन उचलायला फुरसत कुठे असते!

पुढच्या पानावर एक चौकट होती, ‘जोडीदाराचा समावेश’. म्हणजे मी गेल्यावर बायकोला पैसे चालू राहणार. तिथे आधीपासूनच टिक होती. बाजूला महिन्याचा आकडा. मी सहज म्हणून टिक काढली. आकडा टुणकन वर गेला. परत केली, खाली आला. काढली, वर. असं किती वेळ करत बसलो देव जाणे, पण शेवटी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, ही तर वाहतूक! हे तर पॅकिंग! कंपनीनं मालाबरोबर आधीच चिकटवून दिलंय आणि भाव पाडून ठेवलाय. मला शिकवताय होय? मी जोडीदाराची टिक काढली, महागाईप्रमाणे वाढ काढली, मेलो तरी दहा वर्षं पैसे द्यायची हमी काढली. उरला तो नुसता, सोललेला भाव. आता बोलणी होऊ देत, भाव चढू दे, सगळं ठरून कंपनीचा माणूस उठून दाराशी गेला, की मागून म्हणू, “आणि हां, माझ्यामागे बायकोलाही चालू ठेवायचं, काय?”

वेबसाइटला दार नसतं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

मग आलं आरोग्याचं पान, आणि तिथे मी थक्कच झालो. एरवी विमेवाले आजार विचारतात ते आपल्याला नाकारायला. इथे सगळं उलटं. जितका माणूस आजारी तितका त्याचा आकडा मोठा, कारण त्याला थोडेच महिने द्यावे लागणार. म्हणजे ज्या तोंडानं मी नुकतीच नव्वदी गाठायची प्रतिज्ञा केली होती, त्याच तोंडानं आता मी मरायला किती टेकलोय ते पटवून द्यायचं होतं. मला त्यात काडीची अडचण आली नाही. साखर? आहे. रक्तदाब? आहे, चांगला भरपूर आहे. सिगारेट? सोडली. सोडल्याचा पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. कमरेचा घेर? हिची शिवणाची टेप आणली आणि जन्मात प्रथमच पोट आत न ओढता मोजला. दर टिकेसरशी आकडा चढत होता. जे आजार मी लोकांपासून लपवत आलो, त्यांना असा बाजारभाव आहे हे आधी कळतं तर जपून वाढवले असते.

मग प्रश्न आला, ‘चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखतं का?’

तिथे हात थांबला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि लिफ्ट नाही. गेलं वर्षभर दुसऱ्या मजल्यावर पोचलो की माझ्या छातीवर कोणीतरी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. मग मी “तू हो पुढे, बुटाची नाडी सुटलीये” असं म्हणून खाली वाकायचो. ही वर जाऊन कुलूप काढेपर्यंत पोतं उतरलेलं असायचं. कोणाला बोललो नव्हतो. बोललो की डॉक्टर, डॉक्टर म्हटला की तपासण्या, आणि तपासणीत घासाघीस चालत नाही. शिवाय भीती वाटत होती, ती वेगळीच. मी ‘हो’वर टिक केली आणि स्वतःला बजावलं की ही फक्त भावासाठी. आकडा असा काही उसळला की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

त्यानंतर काम एकच, गप्प बसायचं. जो आधी फोन करतो तो हरतो. कंपनीकडून फोन येत नव्हता. पक्के आहेत लेकाचे, म्हटलं, पलीकडेही कोणी मुरलेला खरेदीवाला बसलाय. मी रोज सकाळी पेपर वाचायचो, दुपारी झोपायचो आणि आपण किती संयमी आहोत याचं मनातल्या मनात कौतुक करायचो.

घरात मात्र काहीतरी बदललं होतं. जिना चढताना कायम पुढे असणारी ही आता माझ्या मागून चढायला लागली. बाजारातून येताना माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायची. जेवणातलं मीठ गायब झालं. मधूनच माझ्याकडे अशी टक लावून बघायची की मी शर्टवर काही सांडलंय का ते तपासायचो. शेवटी माझा असा ग्रह झाला की नवरा घरी बसायला लागल्यावर हिचं प्रेम उफाळून आलंय. मी तर आरशात बघून केससुद्धा नीट केले, आहेत तेवढे.

एका संध्याकाळी ही दवाखान्यातून आली, चपला काढल्या, स्टुलावर पाय ठेवून बसली आणि म्हणाली, “अहो, मला काढून टाकलंत म्हणे.”

“कुठून?”

“तुमच्या त्या पेन्शनच्या अर्जातून.”

मी चहा टाकायला उठलो होतो, तो तसाच हातात भांडं धरून उभा राहिलो.

“रोज दुपारी एका बाईचा फोन येतो मला,” ही म्हणाली. “गोड आहे बिचारी. पहिल्या दिवशी चाचरत म्हणाली, ‘मॅडम, अर्जात जोडीदाराची टिक काढलेली आहे, ती चुकून निघालीये का?’ मी म्हटलं, चुकून? अहो, त्यांच्या हातून चुकून टाचणीसुद्धा सुटत नाही. मग तिनं विचारलं, तुम्ही साहेबांच्या कोण?”

“तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, मी रिसेप्शन.”

मी हसून बघितलं. ही हसली नाही. मग मी खुर्ची ओढून तिला माझी सगळी पद्धत समजावून सांगितली. सोललेला भाव, चहा, दार, हँडल. मधे मधे हातवारेही केले. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे मी वाहतूक.”

“वाहतूक नाही गं! वॉरंटी म्हण हवं तर.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी भांडं ओट्यावर ठेवून दिलं.

“आणि सही झाल्यावर कंपनी नाही म्हणाली असती तर?”

“आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही.”

“मी विचारलं त्या बाईला. ती म्हणाली, एकदा सही झाली की ती टिक परत लावता येत नाही, कोणाच्या बापालाही.”

“असं म्हणाली ती?”

“बाप मी घातला.”

 पोरगीनं नेमकं हेच सांगितलं होतं, आणि मी ते विक्रेत्याची बडबड ऐकावी तसं ऐकलं होतं. कंपनीनं दुसऱ्या दिवशी ‘करा सही’ म्हटलं असतं तर मी केली असती. खुशीत केली असती. आणि मी गेल्यावर त्या महिन्यापासून हिच्या हातात भोपळा. अतिशहाण्याचा बैल रिकामा राहतो म्हणतात. इथे बैल मी आणि अतिशहाणाही मीच.

“बरं, ते राहू दे,” ही म्हणाली. “छातीत दुखतं लिहिलंय ते खरं, की भावासाठी?”

आता आली का पंचाईत! खरं म्हणावं तर ही घाबरणार. भावासाठी म्हणावं तर मी लबाड, आणि पस्तीस वर्षांत मी एका बिलात खोटं लिहिलेलं नाही. इकडे आड, तिकडे विहीर. मी लबाड व्हायचं ठरवलं.

“भावासाठी.”

“मग ती बुटाची नाडी?”

“ती सारखी सुटते.”

“अहो, गेलं वर्षभर तुम्ही बिननाडीचे बूट घालताय.”

आम्ही दोघांनी दाराजवळच्या बुटांकडे बघितलं. होते बिचारे तिथेच, गुळगुळीत, नाडी ओवायला भोकसुद्धा नसलेले. मीच घेतले होते, तीन दुकानं फिरून.

आणि मग ही रडली. आमची ही सहजी रडणाऱ्यातली नाही. मला वाटलं होतं ओरडेल, पण ती डोळ्यांना पदर लावून नुसती हुंदके देत राहिली. “एका परक्या बाईनं मला फोनवर सांगितलं, तुमच्या साहेबांच्या छातीत दुखतं म्हणून. किती दिवसांपासून, म्हणून विचारत होती. मला सांगता येईना हो. नाडीचं सोंग मला कळत होतं, पण मी म्हटलं, दम लागत असेल, वय झालंय. दुखतंय हे मला ती सांगतेय! मी कोण आहे तुमची?”  मी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो आणि खरं काय ते सांगितलं.

तिनं डोळे पुसले आणि पर्समधून चिठ्ठी काढली. तीन हृदयाच्या डॉक्टरांच्या वेळा घेऊन ठेवल्या होत्या. “तुमचं एकावर समाधान होणार नाही, मला माहितीये.” तिघांकडे गेलो. तिघांनी आपापली यंत्रं लावली, आणि तिघांचं म्हणणं तंतोतंत एकच निघालं. असं आमच्या धंद्यात झालं की आम्ही म्हणायचो, विक्रेत्यांनी आपापसात संगनमत केलंय. तिसऱ्या डॉक्टरला मी तसं म्हणालोही. तो हसला नाही. हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झाली होती. “अजून काही महिने नाडी बांधत बसला असतात,” तो म्हणाला, म्हणजे हिनं सगळं सांगून ठेवलेलं होतं, “तर जिन्यातच राहिला असतात.” मग त्यांनी मला आत नेलं आणि मनगटातून तार घालून त्या वाहिनीत जाळीची नळी बसवली. जन्म पंपांच्या कारखान्यात गेला आणि स्वतःचा पंप तेवढा बघायचा राहिला. नळीला वॉरंटी किती, असं मी विचारल्याचं नर्स सांगते. मला आठवत नाही, पण विचारलं असणार.

घरी आल्यावर थोड्या दिवसांनी त्या बाईचा फोन आला. फोन हिचाच, पण आता तो टेबलावर स्पीकरवर ठेवला होता आणि आम्ही दोघं लॅपटॉपसमोर. मी सगळं खरं खरं सांगितलं, नळीसकट. तिनं काहीतरी खटखट केलं आणि म्हणाली, “साहेब, काळजी घ्या. पण आता तुमचा एकट्याचा आकडा बघा.”

आकडा पडद्यावर आला. मी म्हणतो, पंपाच्या कारखान्यानं मला असा पगार कधी दिला नाही.

“घ्या हा,” ही पटकन म्हणाली. “औषधं आहेत, पथ्य आहे. तुम्ही आहात तोवर नीट राहू. नंतर माझं मी बघेन, एकटीला असं किती लागतं?”

“अगं, वेड लागलंय का तुला?” मी ओरडलो. “ताई, जोडीदाराची टिक लावा. माझ्यामागे हिला पूर्ण रक्कम, एक पैसा कमी नको.”

“साहेब, मग आकडा बराच खाली येईल.”

“नका लावू हो!” ही म्हणाली.

“लावा!”

“अहो, तुम्ही आयुष्यभर घासाघीस केलीत ना, मग आता नेमकं हे काय?”

“गप्प बस. खरेदी खातं माझं आहे.”

 इतक्या वर्षांच्या संसारात आमची खरी घासाघीस ही पहिलीच, आणि तीही अशी की पैसे घेणारा मी, आणि आकडा पाडायला मीच भांडत होतो. शेवटी टिक लागली. आकडा खाली आला. मी मान डोलावली.

“आता मॅडमच्या तब्येतीचे थोडे प्रश्न,” ती बाई म्हणाली.

“विचारा, मी सांगतो,” मी म्हणालो.

“मॅडमना रक्तदाब आहे का?”

“नाही.”

“आहे,” ही म्हणाली. “रोज सकाळी गोळी घेते.”

“ती गोळी? ती तर मला वाटलं ताकदीची.”

“सांधेदुखी?”

मी हिच्याकडे बघितलं. “डावा गुडघा,” ही म्हणाली. “आता उजवाही.” मला वाटायचं, स्टुलावर पाय ठेवून बसायची तिला सवय आहे. कुठल्या बेअरिंगचा आतला व्यास किती, बाहेरचा किती, हे मला झोपेतून उठवून विचारा. हिच्याबद्दलचा एक प्रश्न मला सुटेना. नापास झालेल्या पोरासारखा मी खाली बघत बसलो. पडद्यावर आकडा थोडा वर सरकला. हिच्या गुडघ्याचे पैसे होते ते.

“कधी गाठ वगैरे आढळून तपासणी झाली होती का?”

“हो,” ही म्हणाली.

मी मान वर केली.

“मागे एकदा. काखेजवळ. काढून टाकली. साधीच निघाली, काही नव्हतं त्यात. आता दर वर्षी दाखवून येते.”

“कधी?” मी विचारलं. 

“तुम्ही त्या बेअरिंगवाल्यांचा कारखाना बघायला गेला होतात ना, चांगले आठवडाभर. तेव्हा. सकाळी गेले, संध्याकाळी घरी आले.”

“एकटी?”

“एकटीच. पोरीची परीक्षा होती.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काही निघालं नाही म्हणून.”

“आणि निघालं असतं तर?”

 “तुम्ही घाबरला असतात हो. तुम्हाला घाबरलेलं मला बघवत नाही.”

  कोणत्या तरी गावी मी बेअरिंगच्या ढिगात उभा राहून भाव पाडत होतो, आणि ही एकटी हातात आपली पिशवी घेऊन कुठल्याशा बाकावर निकालाची वाट बघत बसली होती. मला आठवतंय, परत आल्यावर मी किती पैसे वाचवले ते तिला जेवताना सांगितलं होतं, आणि ती “छान” म्हणाली होती.

फोनवरच्या बाईनं घसा खाकरला. “साहेब, गाठीत काही निघालं नव्हतं, म्हणजे मॅडमची तब्येत तशी चांगलीच धरावी लागेल. त्यांचं आयुष्य मोठं धरलं की आकडा पुन्हा थोडा खाली येईल. सॉरी हं.”

“सॉरी कशाला?” मी म्हणालो. “आणा खाली. किती वर्षं धरलंत हिचं आयुष्य?”

“ते आमचं कोष्टक असतं, साहेब.”

“कोष्टक सोडा. शंभर धरा. शंभर वर्षं जगणार धरून काय पडेल तेवढंच द्या आम्हाला, त्याहून एक पैसा जास्त नको.” मी हे ओरडून बोलत होतो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

हिनं माझ्याकडे बघितलं, फोन उचलला, स्पीकर तसाच ठेवून तोंडाजवळ धरला.

“ताई, मी बोलतेय. ह्यांचेही शंभर धरा.”

“मॅडम,” ती बाई म्हणाली, “दोघांचे शंभर धरले तर आकडा फारच खाली येईल हो.”

“येऊ द्या,” ही म्हणाली.